अक्काच्या डोक्याचा फोटो

परवा जुन्या हुबळीतल्या एका दुकानात माक्याच्या तेलाचा वास आला आणि थोरल्या बहिणीची, अक्काची, ती सकाळ आठवली. कॅन्सरचे उपचार संपवून ती रायापूरला आमच्या घरी आली होती. डोक्याला कायम रुमाल बांधलेला असायचा, आरशापुढे ती जायचीच नाही. मी मोबाईलला चिमट्यानं अडकवायचं भिंग लावून अंगणातल्या जास्वंदीवरच्या मुंग्या टिपत होतो. ती पायरीवर येऊन बसली आणि रुमाल सोडत म्हणाली, “मुंग्या पुरे की आता. इथं काही उगवलंय का बघ.” नुसत्या डोळ्यांना काहीच दिसत नव्हतं. त्या भिंगाला अगदी जवळ जावं लागतं, म्हणून मी श्वास रोखून वाकलो. आधी सगळं धूसर आलं, मग एकदम स्पष्ट दिसले मऊ, इवलेसे कोंब. तिनं फोन हिसकावला, बोटांनी फोटो मोठा केला आणि ओरडली, “अप्पा, बंदाव नोड्री! केस आले बघा!” दाढीचा फेस गालावर तसाच ठेवून अप्पा, आमचे वडील, धावत आले. फोटो बघता बघता त्यांचा हात तिच्या डोक्यावर गेला आणि बराच वेळ तिथंच राहिला. आता अक्का वेणी घालून शाळेत शिकवायला जाते. तो फोटो अजून माझ्या मोबाईलमध्ये आहे. बघणाऱ्यांना तो कोवळ्या गवताचा वाटतो, आणि मी तसंच वाटू देतो.