बर्फाच्या गावी नेलेला पगाराचा दाखला

कुवेतच्या विमानतळात शिरलो तेव्हा माझ्या अंगात हनीफभाईंचं जॅकेट होतं. हनीफभाई रत्नागिरीकडचे. कुवेतमध्ये अब्बासिया भागात आमच्या शेजारच्या खोलीत राहतात आणि एका कोल्ड स्टोरेजमध्ये काम करतात. जॅकेट तिथलंच, पाठीवर चमकणारे पट्टे असलेलं.

"उणे अठरात बारा वर्षं काढली मी यात," ते म्हणाले होते. "तुझा फ्रान्स काय घेऊन बसलास!"

पायात शुऐबा बंदराकडच्या आमच्या कारखान्यातले माझे सेफ्टी शूज होते. बर्फाला याहून मजबूत काय लागणार, असं मला वाटलं.

साल २००९, डिसेंबर. माझी मुलगी शर्वरी हॉटेल मॅनेजमेंट शिकत होती आणि सहा महिन्यांच्या ट्रेनिंगला मोर्झिनला आली होती. मोर्झिन हे फ्रान्सच्या डोंगरातलं, स्कीइंगवर जगणारं गाव. पण त्याला जवळचा विमानतळ जिनिव्हाचा, म्हणजे स्वित्झर्लंडमधला. तिथे उतरायचं आणि बसने सरहद्द ओलांडायची.

बसमध्ये मी ड्रायव्हरच्या मागेच बसलो. मांडीवर फाइल. तिच्यात कंपनीचं ना-हरकत पत्र, हॉटेलचं पत्र, परतीचं तिकीट, आणि सगळ्यात खाली व्हिसासाठी काढलेला पगाराचा दाखला.

त्या दाखल्याबद्दल आता सांगूनच टाकतो. कुवेतमध्ये बायकोमुलांना आणायचं तर पगार एका मर्यादेच्या वर लागतो. आम्ही सगळे तिला 'लिमिट' म्हणतो. दर वर्षी मी गुहागरला घरी कळवायचो, यंदाही लिमिट झालं नाही. खरं म्हणजे ते सात वर्षांपूर्वीच झालं होतं. मला कुणी अडवलं नव्हतं. खोलीत आम्ही चौघं, शुक्रवारी मटण, पत्ते, दुपारची लांबलचक झोप, कुणाला जाब द्यायचा नाही. मला त्याची चटक लागली होती. याहून बरं कारण माझ्याकडे नाही. शर्वरीला हे तोंडाने सांगायचं म्हणून मी निघालो होतो. बर्फ निमित्ताला होता.

ड्रायव्हर ट्युनिसचा निघाला. साइटवर शिकलेलं माझं मोडकं अरबी ऐकून तो खूश झाला.

"कुवेतहून बर्फ बघायला? फ्रीज बिघडला का?"

"हुदूद (सरहद्द) कधी येते?" मी विचारलं.

"येईल."

मी पासपोर्ट हातात काढून ठेवला. माझा पासपोर्ट कित्येक वर्षं कंपनीच्या कपाटात असायचा. सुट्टीवर निघताना सही करून घ्यायचा, आलो की परत द्यायचा. सरहद्द म्हणजे रांग, काच आणि काचेमागचा माणूस, एवढंच मला ठाऊक. एका पत्र्याच्या छपराखाली बस जरा हळू झाली. गणवेशातला एक माणूस कॉफी पीत उभा होता. त्याने मान वर केली नाही. दहा मिनिटांनी मी पुन्हा विचारलं.

"ती केव्हाच गेली," ड्रायव्हर म्हणाला.

"आणि कागद?"

"एवढे आणलेत, तर घरी बायकोला दाखव."

तो हसला. मीही हसलो, जरा उशिराच.

मग दरी अरुंद होत गेली. रस्त्याकडेची मळकट रेघ पांढरी झाली, पांढऱ्याची भिंत झाली. झाडं इतकी गप्प की आवाज आपल्या कानातच बंद पडलाय असं वाटावं. मोर्झिनला उतरलो आणि पाच मिनिटांत शूजच्या टोकाचं लोखंड गारठलं. बोटं आहेत की गेली, ते कळेना.

शर्वरी धावत आली, माझ्याकडे पाहून थबकली. "बाबा, रस्त्याचं काम करायला आलात का?"

तिने मला हॉटेलच्या भटारखान्यात शेगडीपाशी बसवलं, पाय गरम पाण्यात सोडायला लावले आणि रॅक्लेट (उकडलेल्या बटाट्यावर वितळवून ओतलेलं चीज) वाढलं. मी दोन घास खाल्ले आणि फाइलीतला दाखला तिच्यापुढे ठेवला. सात वर्षांचं सगळं सांगितलं. पाय पाण्यातच होते. उठून जायची सोय नव्हती, ते बरं झालं.

तिने दाखला दोनदा वाचला.

"दर जानेवारीत आई देवापुढे साखर ठेवायची," ती म्हणाली. "यंदा बाबांचं लिमिट होऊ दे म्हणून. मग ती साखर मीच खायचे."

मी दाखल्याची घडी घातली.

"आईला सांगितलंत?"

"नाही."

"मग अर्धंच झालं." तिने पातेल्यात आणखी गरम पाणी ओतलं. "पाय काढू नका. मी फोन आणते."

माझ्या बायकोने, सुनंदाने, फोनवर सगळं ऐकून घेतलं. शेवटी म्हणाली, "कागद करा आधी. यायचं की नाही ते माझं मी बघेन."

चार दिवस मी शर्वरीचे जुने बूट घालून गावभर फिरलो. ती मला टेकडीवर नेऊन स्कीवर उभं करत होती आणि मी बसत होतो. परतताना ते पत्र्याचं छप्पर मला ओळखता आलं. या खेपेला फाइल डोक्यावरच्या फळीवर होती.

कुवेतला येऊन हनीफभाईंना जॅकेट दिलं, कंपनीच्या मंदूबकडे (सरकारी कागद करणारा माणूस) अर्ज दिला. महिन्याभराने गावच्या एकाबरोबर सुनंदाचं पाकीट आलं. आत चिठ्ठी नव्हती. तिच्या पासपोर्टची झेरॉक्स होती. पासपोर्ट सात वर्षांपूर्वी काढलेला, एकही शिक्का नसलेला. आणि व्हिसासाठीचे दोन फोटो. ते मात्र नुकतेच काढलेले. केस पांढरे झालेत तिचे. मी ते फोटो अर्जाला लावले, आणि कुवेतमध्येच रुमैथिया भागाकडे कुठे दोन खोल्या मिळतील का, ते विचारायला सुरुवात केली.