रंगारीबाईंचं शेवटचं काम

वाहिनीत सगळे त्यांना मेकअपवाल्या ताई म्हणत. फक्त काका म्हणायचे रंगारीबाई. खुर्चीत बसले की मान मागे टाकून सांगायचे, "रंगारीबाई, भिंत हजर आहे. पोपडे मोजत बसू नका, हात मारा."

हे टीव्हीवर खेळांच्या बातम्या सांगणारे काका. लोकांनीच त्यांना परस्पर काका करून टाकलं होतं. जिंकणाऱ्याचं कौतुक काय, कोणीही करतं. काका हरलेल्याचं नावही तितक्याच मायेनं घ्यायचे. एकदा एका शर्यतीत त्यांनी भलत्याच मुलीला विजयी करून टाकलं. दुसऱ्या दिवशी पडद्यावर आले आणि पहिलंच वाक्य बोलले, "कालच्या शर्यतीत माझे डोळे शेवटचे आले." माणूस लोकांना आवडला तो असा.

ते गेल्याचं कळलं तेव्हा ताई ब्रश धूत होत्या. नळ तसाच वाहता ठेवून त्या काकांच्याच खुर्चीत बसल्या आणि ढसाढसा रडल्या. ज्याच्या टकलाची चकाकी मारण्यात अर्धी नोकरी गेली, त्याच्यासाठी रडायचं नाही तर कोणासाठी? डोळे पुरते पुसलेही नव्हते, तोच निर्माता दारात उभा.

"ताई, अंत्यदर्शन त्यांच्या घरूनच थेट दाखवायचंय. आजारानं चेहरा पार उतरलाय हो. लोकांना त्यांचे काका दिसायला हवेत."

ताईंनी पेटी उचलली. या तोंडाला दुसऱ्या कोणी हात लावलेला त्यांना खपलाच नसता.

काकांना खिडकीजवळच्या खाटेवर ठेवलं होतं. थंड कातडीवर रंग बसेना. ताईंनी तो बोटांनी थोपटून थोपटून बसवला, गालांचे खड्डे भरून काढले, भुवया सारख्या केल्या. हळूहळू काका दिसू लागले. निर्माता म्हणाला, "वा! आता बोलतील असं वाटतंय." ताईंच्या जिवात जीव आला.

तेवढ्यात काकांची मुलगी आत आली. पन्नाशीला टेकलेली बाई, पण बापाच्या पायाशी लहान पोरीसारखी उभी राहिली. बराच वेळ बघून म्हणाली, "हे तुमचे काका झाले. माझे बाबा कुठायत?"

ताईंनी घाईनं ब्रश उचलला. "भुवया जाड झाल्या का गं?"

"नाही हो ताई, काम छानच झालंय. बाबा रोज हेच तोंड घेऊन घरी यायचे. मी लहान असल्यापासून. स्टुलावर बसायचे आणि मी ओल्या फडक्यानं पुसायचे. सगळं निघेपर्यंत मी त्यांना काका म्हणायचे, मगच बाबा. त्यांना फार हसू यायचं." तिनं हात पुढे केला. "आजही पुसू द्या मला."

ताईंना आठवलं. कार्यक्रम संपला की काका कोट खांद्यावर टाकून पळायचे, रंग पुसायला कापूस लावू द्यायचे नाहीत. म्हाताऱ्याला रंगलेलं रूप सोडवत नाही, असं त्या सगळ्यांना हसत हसत सांगायच्या. आता त्या मनातून ओशाळल्या.

"अहो, पण बाहेर कॅमेरा लावलाय," निर्माता कुजबुजला.

"थांबेल कॅमेरा. जन्मभर काका त्याच्यासाठी थांबले," ताई म्हणाल्या आणि त्यांनी कापूस ओला करून मुलीच्या हातात दिला.

मुलीनं कपाळ पुसलं, डोळ्यांच्या कडा पुसल्या, एक गाल पुसला. खालून पिवळट, दमलेला चेहरा वर आला. "बाबा," ती म्हणाली आणि रडता रडता थांबली. मग तिनं कापूस ताईंपुढे धरला.

"उरलेलं तुम्ही पुसा."

"मी कशाला गं? हे तुझं काम."

"तुम्ही त्यांना घरी, काकांचे बाबा होताना, कधी पाहिलंच नाहीत ना."

ताईंनी कापूस घेतला. इतकी वर्षं रोज ज्याच्या तोंडावरून हात फिरवला, त्या माणसाशी त्यांची ओळख गालापासून हनुवटीपर्यंत हळूहळू होत गेली.