सतरा नंबरचा एडका

कड्याजवळच्या माळावर एका मेंढपाळाकडे मी वर्षभर मेंढ्यांच्या रक्ताचे नमुने घ्यायला जात होतो. कोणत्या एडक्याची कोकरं दणकट निघतील, हे आमची प्रयोगशाळा रक्तातल्या जनुकांवरून आधीच सांगते. ओळखायला म्हणून आम्ही प्रत्येकाच्या कानात नंबरचा पिवळा बिल्ला मारला होता. मेंढपाळ मात्र एडक्याच्या पाठीवरून हात फिरवायचा, जिभेने टक् करायचा आणि म्हणायचा, "ह्यो लई भारी हाय, बगा." बोलायचा माझ्याशी, पण नजर कळपावर. मला हसू यायचं.

निकालाचा कागद घेऊन गेलो, तर त्याने आधी जेवायलाच बसवलं. मटणाचा रस्सा झणझणीत होता, मी दोनदा मागून घेतला. मग हात धुऊन कागद उघडला.

"सगळ्यात वर सतरा नंबर. पैदाशीला तोच ठेवा."

जीभ वाजली नाही. त्याने पहिल्यांदाच माझ्याकडे सरळ पाहिलं. मग मुंडाशातून एक पिवळा बिल्ला काढून माझ्या तळहातावर ठेवला.

"बारका व्हता, सायेब. तुमी येनार म्हनून त्योच कापला. बिल्ला तेवढा जपला, तुमचा हाय म्हनून."

माझ्या बोटांना अजून रश्शाचा वास येत होता.