जपूनच्या काळ्या पावत्या

माझ्या भाच्याला आम्ही घरातले सगळे ‘जपून’ म्हणतो. कोणी जिना उतरायला लागलं की खालून हा ओरडणार, “जपून!” चहा गाळायला घेतला, “जपून!” लग्नाआधी पहिल्यांदा फिरायला गेले तेव्हा बायकोचा हात धरून हेच म्हणाला म्हणे. भाचेसून सांगते, आणि ती काही खोटं बोलणारी नाही.

धंदा कानाच्या मशीनचा. सहा वृद्धाश्रमांत फिरतो, म्हाताऱ्यांच्या मशीनमधला मळ काढतो, शेंगदाण्याएवढी बॅटरी बदलतो, “ऐकू येतंय का?” विचारतो. सगळं सामान गाडीत. त्यामुळे गाडी म्हणजे त्याचं दुकान. तिला तो असा जपायचा की भाचेसून म्हणायची, “मावशी, पुढच्या जन्मी मला चार चाकं असू देत.”

एकदा सर्व्हिस सेंटरवाल्यांनी तेल बदलून खालचं झाकण सैल ठेवलं. झालं! तेव्हापासून तेल आणि फिल्टर हा स्वतःच्या हातानं बदलणार, तेही कंपनीनं सांगितल्यापेक्षा निम्म्या किलोमीटरवर. वर आणखी दोन वर्षांची जादा वॉरंटीसुद्धा घेतलेली. म्हटलं, आता या माणसाच्या वाटेला दैवही जाणार नाही.

आणि एका मंगळवारी चढावर इंजिनातून खडखडाट सुरू झाला, डब्यात खिळे हलवावेत तसा. मग गाडी गप्प.

तीन आठवड्यांनी वॉरंटीवाल्यांचं पत्र आलं. तेल वेळेवर बदलल्याचा पुरावा नाही, म्हणून क्लेम नामंजूर. हरकत असेल तर पंधरा दिवसांत पुरावा द्या.

त्याच संध्याकाळी जपून माझ्या स्वयंपाकघरात येऊन स्टुलावर बसला. मी उकळतं पातेलं नुसत्या पदराच्या टोकानं उतरवलं आणि हा गप्प! तेव्हाच मी ओळखलं, काहीतरी बिनसलंय.

“अरे, तेल-फिल्टर विकत घेतल्याच्या पावत्या आहेत ना तुझ्याकडे? तू तर बसची तिकिटंसुद्धा ठेवतोस.”

त्यानं पिशवीतून फाइल काढली. प्लास्टिकमध्ये घातलेले चार लांबट कागद. चारही काळे कुळकुळीत. एक अक्षर दिसेल तर शपथ.

“हे काय?”

“लॅमिनेशन करून घेतलं होतं, मावशी. टिकाव्यात म्हणून.” त्याचा आवाज खोल गेला. “तो गुळगुळीत कागद असतो ना, त्याला गरम लागलं की सगळाच काळा होतो. मला काय माहीत? लॅमिनेशनवाल्यानं पाकिटात घालून दिल्या, तशाच फाइलमध्ये घातल्या आणि आज उघडल्या.”

मला हसू आलं. खरं सांगते, एक क्षणभरच. मग त्याचा चेहरा पाहिला आणि हसू आवरलं.

“दुकानदार परत नाही देणार?”

“ते दुकान बंद झालं. तिथे आता केस कापतात.”

तेवढ्यात त्याचा फोन वाजला. एका आश्रमाच्या मोठ्या सिस्टर होत्या. “दादा, वाईट वाटून घेऊ नका, पण महिनाअखेरपर्यंत तुम्ही नाही आलात तर दुसरा माणूस बघावा लागेल. आमचे आजोबा लोक बहिरे बसलेत.” मागून कोणी आजोबा ओरडले, “कोण आहे गं?” सिस्टर ओरडल्या, “मशीनवाला!” आजोबा म्हणाले, “आं?” एरवी जपून पोट धरून हसला असता.

फोन ठेवून तो मान वर न करता म्हणाला, “एकच गोष्ट उरलीय. जुने फिल्टर. मी तुझ्याकडे ठेवायला दिलेले. प्रत्येकावर तारीख आणि किलोमीटर लिहिलंय.”

मी गॅस बंद केला.

दिले होते खरे. भाचेसून म्हणाली होती, हे भंगार घरात राहील नाहीतर मी. म्हणून ते चार पत्र्याचे डबे माझ्याकडे आले. मी सांगितलं माळ्यावर ठेवलेत. ठेवले होते गॅलरीत, मोठ्या कुंडीखाली पाय म्हणून. अगदी मापाचे होते हो! आणि चार महिने त्यांच्यावर रोज पाणी.

“जपून,” मी म्हटलं, “तू आधी पाणी पी.”

दोघांनी मिळून कुंडी उचलली. दोन डब्यांवरचं लिहिलेलं दिसत होतं. तिसऱ्यावर नुसता डाग. चौथा गंजलेला. त्यानं चारही डबे पिशवीत भरले. रागावला असता तर बरं झालं असतं.

सर्व्हिस सेंटरमध्ये मीही गेले. पाप माझं, पिशवी मीच धरली. क्लेमवाले साहेब नम्र होते, पण मान हलवत म्हणाले, “मार्करनं काय, कोणीही लिहील.”

त्यांच्या शेजारी तपासणीवाली इंजिनिअर बसली होती, बॉबकट, नखांत काळं. तिनं एक डबा हातात घेतला. “यात माती कशी?”

जपूननं माझ्याकडे पाहिलं. साहेबांनी माझ्याकडे पाहिलं.

“कुंडीची,” मी म्हटलं.

ती गालात हसली. डब्याच्या बुडाशी पत्र्यातच कोरलेला कारखान्याचा ठसा होता, बनवल्याच्या महिन्याचा. चारही डब्यांचे महिने वेगळे, ओळीनं पुढे सरकलेले. मग तिनं कटरनं डबा कापला. आतला घडीघडीचा कागद पंख्यासारखा उलगडला, बोटांनी चोळला. दुसरा. तिसरा. जपून खुर्चीच्या टोकावर, नजर कटरवर.

“गाडीत होता त्या फिल्टरमध्ये लोखंडाचा चुरा सापडला,” ती साहेबांना म्हणाली. “यांत चुरा नाही, जळक्या तेलाचा गाळ नाही. तेल वेळेवर बदललंय. इंजिनात तेल फिरवणारा पंप आतून तुटलाय. त्यात मालकाची काही चूक नाही.”

“वर कळवतो,” साहेब म्हणाले.

पुढचे नऊ दिवस भाचेसून मला रोज फोन करून सांगायची, मावशी, आज एक पोळी खाल्ली. आज अर्धीच. महिना संपायला सहा दिवस उरले तेव्हा पत्र आलं. त्याच्यानं उघडवेना, म्हणून माझ्याकडे घेऊन आला. मी कात्री लावली आणि समोरून आवाज आला, “जपून!” मी इतकी दचकले की पाकीट हातातून पडलं.

मंजूर. इंजिन कंपनी बदलणार. अट एकच, यापुढे तेलाचं काम त्यांच्याकडेच.

काल तेल बदलायला त्याच्याबरोबर सर्व्हिस सेंटरला गेले. आता तो ग्राहकांच्या सोफ्यावर बसत नाही. वर्कशॉपच्या काचेला नाक लावून उभा असतो. आतला मेकॅनिक खालचं झाकण आवळायला लागला की हा काचेवर टकटक करतो. आत ऐकू जात नाही, पण त्याचे ओठ ‘जपून’ म्हणताना मला दिसतात ना.