टँकरच्या चिठ्ठीतला जावई

त्या दुष्काळाच्या वर्षी नांदेडात माझा कॉम्प्युटर व्होल्टेजनं जळाला आणि मी कामासकट सासुरवाडीला, उदगीरला जाऊन पडलो. काम होतं टँकरच्या चिठ्ठ्यांच्या प्रोग्रामचं. कुठल्या वाडीला आज किती खेपा, ते भरायचं आणि चिठ्ठी छापायची. हातानं लिहिलेल्या चिठ्ठ्यांत लई घोळ व्हायचा. म्हणून माझ्या प्रोग्रामपायी नवा नियम निघाला: छापील चिठ्ठी असल्याशिवाय टँकरला पाणी भरू द्यायचं नाही. ते ऐकून माझी छाती फुगली. फुगायला नको होती.

सासऱ्यांचं आडतीचं दुकान. त्यांना सगळे अप्पा म्हणतात, मीही. दुकानातल्या कॉम्प्युटरवर मेहुण्यानं विंडोजऐवजी फुकटातली लिनक्स टाकलेली. माझ्यासाठी वेगळं खातं उघडायची वेळ आली तेव्हा अप्पा कडाडले, "जावयाचं नुसतं नाव टाकतोस? काही मानपान हाय का न्हाई?" मग मेहुण्यानं खात्याला नाव दिलं 'जावई'. म्हणजे मशीनमध्ये 'होम' नावाचा कप्पा, त्यात 'जावई' हे माझं घर, आणि त्या घरात टँकरचा सगळा पसारा. बाहेर पाण्याचे हाल, पण न्हाणीत माझ्या नावाची एक बादली रोज वेगळी भरलेली असायची. असल्या थाटात मी प्रोग्राम लिहीत गेलो. वाड्यांची यादी कुठं ठेवलीय हे जिथं जिथं सांगायचं, तिथं तिथं बिनधास्त लिहिलं: होम, जावई, टँकर. जगात दुसऱ्यांची घरंही असतात हे डोक्यातच आलं नाही.

त्याच आठवड्यात अप्पांनी दुकानाची पाटी नवी करायला घेतली. उदगीर आता जिल्हा होणार अशी हवा होती. टपरीवर तर कलेक्टर कुठल्या इमारतीत बसणार तेही ठरलं होतं. अप्पांनी पेंटरला सांगितलं, "मुक्काम पोस्ट उदगीर लिही. 'जि.' एवढंच रंगव अन् पुढं कोरं सोड. झाला की भरू."

मी पोट धरून हसलो. "अप्पा, अशी अर्धी पाटी कोण लावतं?"

"हसा, जावईबापू," अप्पा म्हणाले. "पुसत बसायची वेळ माझ्यावर न्हाई येणार."

प्रोग्राम मी तीन सरकारी ऑफिसांना दिला. नावं घेत नाही; एक लोह्याच्या बाजूचं, एक भोकरकडचं, एक धर्माबादच्या अंगाचं. पहिल्याच सकाळी लोह्याकडच्या कारकूनबाईंचा फोन.

"सर, हे चिठ्ठी काढंना. जावई सापडत न्हाई म्हणून राहिलंय."

चहा माझ्या नाकात गेला. "बघतो मॅडम, दोन तास द्या."

"दोन तास कुठलं, सर? टँकर दारात हुबाय. वरच्या वाडीची विहीर ठणठणीत कोरडी. बाया हंडे घेऊन बसल्यात." मग त्याच म्हणाल्या, "त्याला जावईच पायजे ना? करू की एक!"

आणि बाईंनी ऑफिसच्या मशीनवर 'जावई' नावाचं खातं उघडलं, माझा पसारा त्यात टाकला आणि चिठ्ठी खडाखडा बाहेर आली. टँकर गेला.

खरं तर तेव्हाच मी चूक दुरुस्त करायला हवी होती. पण चाललंय ना, मग कशाला हात लावा! बाईंनी हा तोडगा भोकरकडं सांगितला, तिथंही जावई बसला. धर्माबादकडच्या भाऊसाहेबांनी तेलुगूत 'अल्लुडु' नावाचं खातं उघडलं. "जावईच की ओ, काय फरक पडतो?" म्हणाले. प्रोग्रामला पडला. त्यांनाही मराठी जावई करावा लागला. मेहुणा विचारायचा, "दाजी, आणखी किती ठिकाणी सोयरीक करणार?"

पंधरा दिवसांनी लोह्याकडच्या ऑफिसात नवे साहेब आले. कडक. मशीनवरची खाती बघता बघता थांबले. "हा कोणाचा जावई बसवलाय इथं?" बाई समजावून सांगेस्तोवर साहेबांनी जावई काढून टाकला. जावयाबरोबर त्याचं घर गेलं, घराबरोबर प्रोग्राम आणि वाड्यांची यादी गेली. वर हुकूम, असलं नातं पुन्हा मशीनवर दिसता कामा नये.

बाईंचा फोन आला तेव्हा मी जेवत होतो. या वेळी त्यांच्या आवाजात हसू नव्हतं.

"यादी माझ्या वहीत हाय सर, ती मी भरीन. पण चिठ्ठीचं काय? हातानं लिहून दिली तर पाणी भरायच्या जागेवरला माणूस तुमचाच नियम दाखवून राहिला. वरच्या वाडीला आज टँकर गेला न्हाई."

घास तोंडातच राहिला. उठलो, दुकानात मशीनसमोर बसलो आणि मोजलं. माझ्या घराचा पत्ता मी सत्तेचाळीस ठिकाणी लिहून ठेवला होता. लिनक्सची रीत मला काय ठाऊक नव्हती? 'होम'मध्ये माणसांची घरं, प्रोग्राम सगळ्यांच्या सामायिक जागेत, आणि रोज बदलणाऱ्या याद्या तिसरीकडं. माणूस गेला तरी त्या हलत नाहीत. पण सत्तेचाळीस ठिकाणी नवा पत्ता लिहायचा, आणि उद्या एखाद्या ऑफिसात तोही चालला नाही तर?

विचार करत दाराबाहेर आलो. पाटीवर 'जि.' आणि पुढं कोरं. मी कपाळावर हात मारून घेतला. सगळीकडचा माझा पत्ता पुसला, जागा कोरी सोडली. आता प्रोग्राम बसवतानाच विचारणार: तुमच्याकडं कुठं ठेवू? सांगाल तेच सगळीकडं भरलं जाणार. अप्पांना यातलं अक्षर सांगितलं नाही. सांगितलं असतं तर जन्मभर ऐकून घ्यावं लागलं असतं.

सकाळच्या पहिल्या एसटीनं लोहा गाठलं. प्रोग्राम बसवला, बाईंनी वहीतून यादी भरली, चिठ्ठी निघाली. ड्रायव्हर म्हणाला, "चला सर, वाडी तरी बघा." नाही म्हणायला तोंड नव्हतं.

वाडीत हंडे कालपासूनच ओळीनं लावलेले. ड्रायव्हर महातोंडाळ. उतरता उतरता ओरडला, "काल ह्यांच्यापायी आलो न्हाई बरं का!" मला कुठं लपावं ते कळेना. ओळीतल्या पहिल्या बाईनं हंडा भरला, त्यातून पेला काढला आणि माझ्यापुढं धरला.

"नको, आधी तुम्ही," मी म्हटलं.

"न्हाई, तुमीच आधी. काल दिसभर वाट बघितली आमी. कसं लागतंय ते कळू द्या की तुमाला!"

सगळ्या बाया हसल्या. पाणी कोमट होतं, लोखंडाच्या वासाचं. मी सगळं प्यायलो. एवढी लाज मला आयुष्यात कधी वाटली नव्हती.

संध्याकाळी उदगीरला परतलो तर न्हाणीत माझ्या नावाची बादली तयार. त्यातला एक तांब्या घेतला, हातपाय धुतले आणि बादली उचलून स्वयंपाकघरात नेऊन ठेवली. सासूबाई घाबरल्या. अप्पा दुकानातून धावत आले. घरभर झालं, जावईबापू रुसले! लाडवाचा डबा निघाला. माझ्या तोंडात अजून त्या पेल्याचीच चव होती.