आईच्या मुठीतल्या अक्षता

गुडघ्यांमुळे आईला नागपूरला जाता आलं नाही. बहिणीच्या नातीचं लग्न ती टीव्हीवर पाहत होती. शेवटच्या मंगलाष्टकात चित्र गोठलं.

"भटजी तोंड उघडून उभे आहेत," मूठ आवळून आई म्हणाली. "सावधान म्हणायला मुहूर्त शोधतायत का?"

मी राउटरची सेटिंग उघडली. इंटरनेट आधी कुणाला, याची तिथे यादी होती. पहिला माझा ऑफिसचा लॅपटॉप. तो त्या वेळी जुन्या फाइली पाठवत होता. आईचा टीव्ही शेवटी. हा क्रम मीच लावला होता. घरातले क्रम एकदा लागतात आणि मग कुणी ते पुन्हा वाचत नाही.

टीव्ही पहिला केला. 'सावधान' ऐकू आलं. घामाने ओलसर झालेल्या अक्षता आईने टीव्हीवर टाकल्या. काही नवरीच्या कपाळावर चिकटून राहिल्या.