सिस्टरांची चोरटी

सिस्टर एखाद्या घरी गेल्या आणि त्यांनी पाणी नको म्हटलं, की त्या घरातली माणसं एकमेकांकडे बघायला लागत. कारण एरवी पाणीच काय, चहा, भाकरी, सुकटीची चटणी, काहीही नाकारायचा त्यांचा स्वभाव नव्हता. सरकारी नर्स म्हणून उभा जन्म डहाणू-तलासरीच्या पाड्यांवर काढलेला. सुया टोचल्या, बाळंतपणं केली, आणि जिथे दुपार झाली तिथेच पान मांडून बसल्या. अशी बाई पाण्याचा तांब्या परत पाठवते म्हणजे एकच अर्थ. या घरी कुत्रं येणार.

लेक दिली त्या घरचं पाणी प्यायचं नाही, ही त्यांच्या आईची जुनी रीत. सिस्टरांचं लग्न झालं नाही, लेक नव्हती. ती रीत त्यांनी रस्त्यावरच्या कुत्र्यांवर भागवून घेतली. "अहो, पण ते कुत्रं आहे," मी एकदा न राहवून म्हटलं. "मग?" त्या म्हणाल्या. "पाठवणी ती पाठवणी. देणाऱ्याने घेणाऱ्याच्या घरात पसरून बसू नये. मान राहत नाही पोरीचा." पोरीचा! त्या दिवशी त्यांच्या पिशवीतून एक काळा बोका वाटावा असा कुत्रा डोकावत होता.

मसोलीत माझं औषधांचं दुकान आहे. दोन हजार चौदात सिस्टर निवृत्त झाल्या आणि दुकानामागच्या दोन खोल्यांत भाड्याने राहायला आल्या. आल्या त्या एकट्या, पण आठवडाभरात पडवीत दोन पिल्लं आणि एक लंगडी कुत्री. मी कपाळाला हात लावला. "घाबरू नका हो ताई, माझ्याकडे नुसता मुक्काम. संसार दुसरीकडे," असं म्हणून त्यांनी माझ्याकडून खरजेचं मलम घेतलं, आणि पुढच्या रविवारी माझी स्कूटरही. म्हणजे मी चालवायची, त्या मागे पिशवी धरून. पिशवीतलं पिल्लू माझ्या पाठीवर मुतलं की म्हणायच्या, "शकुन झाला, चला." माझे किती ड्रेस त्या शकुनांत गेले, ते माझं मला माहीत.

घर निवडायची त्यांची परीक्षा मात्र कडक होती. अंगण मोठं आहे का, दूध-भात घालतील का, असलं काही त्या विचारत नसत. ऐन जेवणाच्या वेळेला जाऊन उभ्या राहायच्या आणि सुनेच्या ताटात काय आहे ते बघायच्या. "ज्या घरात सुनेला गरम भाकरी मिळते, तिथे कुत्रं उपाशी मरत नाही," हे त्यांचं शास्त्र. हसू नका. मी हसले होते, पण त्यांनी दिलेलं कुत्रं कोणी हाकलून दिलं असं सहसा झालं नाही.

आणि मग वाणगावच्या बाजारात चोरटी सापडली.

भाजीच्या हातगाड्यांखाली दबून बसायची. तांबूस रंगाची, पाठीवर कोणीतरी गरम पाणी ओतल्याचा डाग, गळ्यात तार रुतलेली. पकडायला गेलं तर चावायची नाही, भुंकायची नाही, नुसती जमिनीत घुसायला बघायची. जनावरांच्या डॉक्टरांनी गुंगीचं इंजेक्शन दिलं, तेव्हा कुठे ती तार निघाली. मसोलीला आणल्यावर ती सिस्टरांच्या पाण्याच्या पिंपामागे शिरली ती तिथलीच झाली. कोणाची नजर असली की घास उचलायची नाही. सगळ्यांनी तोंड फिरवलं की पटकन ओढून न्यायची. म्हणून नाव चोरटी. सिस्टर तिचं ताट ठेवून तिच्याकडे पाठ करून बसायच्या आणि भिंतीशी बोलायच्या. कोणत्या पाड्यावर कोणाचं मूल पायाळू आलं, कुठे ओढ्याला पूर होता, सगळं. मागून लपलप ऐकू आलं की आवाज न वाढवता म्हणायच्या, "जेवली बाई माझी."

वर्ष उलटलं तरी चोरटीने त्यांना अंगाला हात लावू दिला नाही. मी म्हटलं, "राहू दे ना तुमच्याकडेच. हिला कोण घेणार?" सिस्टरांनी पदराआडून रिपोर्ट काढून माझ्या काउंटरवर ठेवला. औषधांच्या दुकानात बसून मला तेवढं वाचता येतं. सिस्टरांच्या किडन्या जात चालल्या होत्या. "दुसरं कुठलंही कुत्रं मी मेल्यावर चार दारं फिरून पोट भरेल," त्या म्हणाल्या. "ही पिंपामागे बसून मरेल. मी आहे तोवर हिला घर मिळायला हवं. मिळायला हवं म्हणजे हवंच."

तेव्हापासून आमचे रविवार चोरटीचे झाले. डहाणूच्या एका मोठ्या चिकूवाडीच्या मालकीणबाई कुत्रं बघायला गाडी घेऊन आल्या. पिंपामागे वाकून म्हणाल्या, "भुंकत नाय? मग काय कामाची, बेन?" सिस्टर म्हणाल्या, "भुंकायला तुम्ही आहात की." झालं, ते घर गेलं. मी चिडले, त्याही चिडल्या, आणि संध्याकाळी येऊन कबूल केलं की जीभ आवरायला हवी होती. दुसरं घर चांगलं होतं, पण तिथल्या मुलांना कुत्रं मांडीवर घ्यायचं होतं. चोरटी कपाटाखाली गेली आणि निघेना. आठवडा व्हायच्या आत फोन आला, "सिस्टर, हिला घेऊन जा, आम्हालाच रडू येतं हिच्याकडे बघून."

शेवटी झरीची भागीआजी तयार झाली. डोंगराच्या कुशीत कुडाचं घर, पुढे भाताचं शेत, वर नागली. घरात आजी, उंबरगावच्या कंपनीत जाणारा मुलगा आणि सून. सुनेची दोन्ही बाळंतपणं सिस्टरांच्या हातची, ती पोरं आता आश्रमशाळेत. आजी सुनेला आपल्याआधी वाढायची, हे सिस्टरांनी तेव्हाच हेरून ठेवलं होतं. "आमच्यात कोण तिच्या मागं लागनार नाय, बाय," आजी म्हणाली. "जवल येल तवा येल."

नेताना पुन्हा इंजेक्शन द्यावं लागलं. रिक्षात चोरटी गुंगीत सिस्टरांच्या मांडीवर डोकं टाकून पडली होती. मसोलीपासून झरीपर्यंत त्यांचा हात तिच्या कपाळावरून, कानांवरून, त्या भाजलेल्या डागावरून फिरत राहिला. रस्ता खड्ड्यांचा, मी सीट घट्ट धरून बसलेली, आणि त्या मात्र एका हाताने तिला सावरत होत्या. "शुद्धीत असती तर करू दिलं असतं का हिने मला हे?" त्या म्हणाल्या आणि बाहेर बघायला लागल्या. त्यांना तसं रडताना मी पहिल्यांदा पाहिलं. झरीला आजीने तांब्या पुढे केला. सिस्टरांनी तो हाताने मागे सारला आणि त्या उभ्या उभ्या निघाल्या.

पाठवलेल्या पोरीकडे लगेच जायचं नाही, हाही त्यांचा नियम. काही महिन्यांनी मात्र त्यांना धीर निघेना. आम्ही गेलो तर चोरटी घरात नव्हती, अंगणातही नव्हती. लांब शेताच्या बांधावर, आंब्याखाली, एक तांबडा ठिपका. सून रोज भाकरी तिथे ठेवून येत होती. ऊन, थंडी, सगळं तिने बांधावर काढलं होतं. सिस्टरांनी हाक मारली तर ठिपका उठला आणि आणखी मागे गेला.

"परत नेते मी हिला," सिस्टर म्हणाल्या.

"कशाला?" आजी शांतपणे म्हणाली. "ऱ्हाऊ दे. ती बगते आमाला तिथनं."

परतीच्या वाटेवर तलासरीच्या नाक्यावर मी चहाला थांबवलं, तेव्हा कप हातात धरून म्हणाल्या, "मी तिला घर नाही दिलं हो. शेत दिलं." मी खूप समजावलं. भाकरी मिळते, कोणी मारत नाही, आणखी काय हवं? "आणखीच हवं असतं," त्या म्हणाल्या.

दोन हजार अठराच्या पावसाळ्यात त्यांचे पाय सुजले, भाचा येऊन त्यांना नाशिकला घेऊन गेला. पडवीतल्या पिल्लांची सोय त्यांनी निघण्याआधी लावली होती. तिथून डायलिसिस झालं की फोन करायच्या. आवाज खोल गेलेला, पण प्रश्न ठरलेला: "घरात आली का?" मी भागीआजीच्या मुलाला फोन लावायचे. तो बिचारा कंपनीतून दमून आलेला, तरी बाहेर जाऊन बघून सांगायचा, "बांधावरच हाय, ताई." मी तेच नाशिकला कळवायचे. त्यांना गोड खोटं चालत नसे. आयुष्यभर रोग्यांना खरं सांगितलेली बाई. "बरं," म्हणायच्या. ते "बरं" मला अजून छळतं. दिवाळीच्या तोंडावर भाच्याचा फोन आला. त्या मला न भेटताच गेल्या. त्यानंतर झरीला फोन करायचं कारणच उरलं नाही, आणि खरं म्हणजे माझ्याने करवलाही नाही.

त्या हिवाळ्यात आमच्याकडे जमीन हलायला लागली. धक्क्यामागून धक्के. तलासरीच्या बाजूला तर लोकांनी घरात झोपणं सोडलं. पाड्यापाड्यांवर खळ्यात, अंगणात ताडपत्र्या बांधल्या. लहान मुलं थंडीने खोकत होती. मी खोकल्याची औषधं आणि काही ब्लँकेटं घेऊन त्या भागात फिरत होते, तशी एका दुपारी झरीला पोचले.

भागीआजीच्या घराची एक भिंत कलली होती. सगळं बिऱ्हाड खळ्यात, पेंढ्यावर, निळ्या ताडपत्रीखाली. आजी गोधडी घेऊन पडली होती. आणि तिच्या पोटाशी, गोधडीच्या आत, तांबडं काहीतरी. मी जागच्या जागी थांबले. चोरटी! तिने मान उचलून माझ्याकडे पाहिलं, जरा कान पाडले, आणि डोकं पुन्हा आजीच्या हातावर ठेवलं.

"कधीपासून?" माझ्या तोंडून एवढंच निघालं.

"आमी भायेर निजाय लागलो ना, तवापासनं," आजी हसत म्हणाली. "पयलं लांब बसली. मंग पेंढ्यावर आली. मंग गोधडीत. आमी घराला भ्यालो, तशी ती आमाला भ्यायची ऱ्हायली."

सुनेने चुलीपासून वळून मान डोलावली. आजीने चोरटीच्या कानामागे खाजवलं, अगदी सहज, रोजचं असल्यासारखं. मग मला म्हणाली, "बाईला सांग हां. लय घोर व्हता तिला. म्हनावं, आता पानी प्यायला ये."

सिस्टर गेल्याचं या घरात कळलंच नव्हतं. मी सांगायला तोंड उघडलं, आणि जमिनीतून गुरगुर आली. चुलीजवळची भांडी वाजली, कुडाची माती झडली, कोंबड्या फडफडल्या. चोरटी ताडकन उठली. मला वाटलं, आता ही बांधाकडे धूम ठोकणार. ती वळली आणि आजीच्या कुशीत घुसली, आणि आजीने दोन्ही हातांनी तिला धरून ठेवलं.

हे बघायला सिस्टर हव्या होत्या. मी नाही, सिस्टर. मला हुंदका आवरेना. भर खळ्यात मी लहान पोरीसारखी रडायला लागले. सून धावत आली, माझा हात धरून मला खाली बसवलं आणि पाठीवरून हात फिरवत म्हणाली, "भिऊ नका, ताई. बारकाच व्हता. थांबला बगा."